धुऱ्याशी थांबलेला रस्ता

एक हात टेबलावर पालथा ठेवा पाहू. पाचही बोटं होता होईल तितकी फाकवा. झालं? आता असं समजा, की तळवा म्हणजे यवतमाळ शहराचा जुना भाग आणि पाच बोटं म्हणजे या शहरातून बाहेर पडणारे पाच मोठे रस्ते. एक उत्तरेला धामणगावकडे जातो. एक पूर्वेला कळंबवरून वर्ध्या-नागपूरकडे. एक आग्नेयेला पांढरकवड्याकडे, एक नैर्ऋत्येला आर्णीकडे आणि एक पश्चिमेला दारव्ह्याकडे. खरे रस्ते चहूदिशांना जातात आणि आपली बोटं बिचारी एकाच बाजूला! पण तेवढं चालवून घ्या.

आता करंगळीच्या टोकावर एक मुंगी बसली आहे. तिला शेजारच्या बोटाच्या टोकावर जायचंय. अंतर किती? जेमतेम दोन-तीन इंच. पण टेबलावर उतरायचं नाही, अशी अट आहे. मग मुंगी काय करील? सगळी करंगळी उतरून तळव्यापर्यंत येईल, वळेल आणि पुन्हा दुसरं बोट चढेल.

मुंगीची ही फरफट यवतमाळच्या कितीतरी मुलांच्या रोजच्या वाट्याला येते, आणि यवतमाळच्याच नव्हे, महाराष्ट्रातल्या बहुतेक वाढत्या गावांतल्या मुलांच्या. असं का होतं, ते आज आपण पाहू. त्यासाठी यवतमाळात एक फेरी मारू या.

योत आणि लोहारा

यवतमाळ हे नाव आलं कुठून? अकबर बादशहाच्या दरबारातल्या अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऐन-ए-अकबरी’ हा ग्रंथ लिहिला. त्यात या भागातल्या परगण्याचं नाव ‘योत-लोहारा’ असं आलंय. जुन्या गॅझेटियरमध्ये म्हटलंय, की ‘योत’ म्हणजेच यवत आणि ‘माळ’ हा ‘महाल’ म्हणजे परगणा या शब्दाचा झिजलेला अवशेष. लोहारा हे गाव तेव्हा यवतमाळपासून पश्चिमेला तीन मैल, म्हणजे सुमारे पाच किलोमीटर दूर होतं. मधे शेतंच शेतं!

आज दारव्हा रोडने निघालात, तर यवतमाळ कुठे संपलं आणि लोहारा कुठे सुरू झालं, ते तुम्हाला सांगता यायचं नाही. दुकानं, घरं, औद्योगिक वसाहत असं सगळं सलग. बादशहाच्या कागदावर जोडीने लिहिलेली दोन गावं जमिनीवरही एकमेकांना चिकटली. मात्र त्याला चारशे वर्षं लागली, आणि त्यातली शेवटची चाळीस-पन्नास वर्षं खरी धावपळीची!

१९०१ साली यवतमाळची लोकसंख्या होती सुमारे साडेदहा हजार. तेव्हा जिल्ह्याचं नाव ‘वणी’ होतं. कचेऱ्या मात्र यवतमाळात होत्या. १९०५ साली जिल्ह्यालाही यवतमाळचं नाव मिळालं. कापसाची बाजारपेठ वाढली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. मूर्तिजापूरला जाणारी छोटी रेल्वे आली. तीच आपली ‘शकुंतला’! १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावत होती. पुढे डिझेलचं इंजिन लागलं आणि काही वर्षांनी गाडीच बंद पडली.

त्या काळी माणसं पायी जायची, नाहीतर बैलगाडीने. पायी जाणाऱ्याला लांबचा वळसा परवडत नाही. म्हणून जुन्या वस्त्यांमध्ये, मग ते यवतमाळ असो, पुसद असो की वणी, गल्ल्या अरुंद असल्या तरी एकीतून दुसरीत निघता येतं. दोन घरांच्या मधून जाणारा बोळ तुम्हाला अचानक बाजारात आणून सोडतो. मोटार अडकते, पण माणूस अडकत नाही.

आकडा घटला, शहर वाढलं!

आता एक कोडं सोडवा. २००१ च्या जनगणनेत यवतमाळ नगरपरिषदेच्या हद्दीत सुमारे १ लाख २० हजार माणसं होती. २०११ साली पुन्हा मोजदाद झाली, तेव्हा ती भरली १,१६,५५१. म्हणजे दहा वर्षांत वाढायच्याऐवजी कमीच झाली. मग यवतमाळ ओस पडायला लागलं होतं की काय?

छे! उलट शहर भराभर वाढत होतं. फक्त ते हद्दीच्या बाहेर वाढत होतं. आतल्या जागा महाग. म्हणून लोकांनी लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव, भोसा, मोहा, पिंपळगाव अशा लगतच्या गावांच्या शिवारात प्लॉट घेतले, घरं बांधली. ती माणसं नोकरीला, बाजाराला आणि शाळेला यवतमाळात यायची. पण मोजली जायची ग्रामपंचायतीत. त्यांतली काही गावं तर इतकी शहरासारखी झाली, की जनगणना खात्यानेच त्यांना ‘जनगणना शहर’ म्हटलं. कारभार ग्रामपंचायतीचा, पण राहणी शहराची! पुढे २०१५-१६ च्या सुमारास नगरपरिषदेची हद्द वाढवली गेली आणि अशी गावं शहरात आली.

पण एक गोष्ट लक्षात आली का? हद्द नंतर आली. घरं आणि रस्ते आधीच होऊन गेले होते.

धुरा म्हणजे काय?

वऱ्हाडातल्या मुलांना हे सांगायला नको. पण पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी सांगते. दोन शेतांच्या मधली जी बांधाची पट्टी असते ना, तिला आमच्याकडे ‘धुरा’ म्हणतात. धुऱ्यावर बोरीबाभळी असतात, गवत असतं. आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांची भांडणं बहुतेक या धुऱ्यावरूनच होतात!

शहराजवळचं शेत विकलं जातं, तेव्हा ते बिनशेती करून घेतात. लोक त्याला ‘एन. ए.’ म्हणतात. मग त्यावर ‘ले-आऊट’ पडतो. नकाशा काढतात, चुन्याच्या रेघा मारतात, मुरूम टाकतात, प्लॉटना नंबर देतात. हा सगळा नकाशा असतो एका शेतापुरता. शेतमालकाची जमीन धुऱ्यापर्यंत. म्हणून ले-आऊटचा रस्ताही धुऱ्यापर्यंत. तिथे तो थांबतो.

चार वर्षांनी शेजारचं शेत विकलं जातं. त्याचा ले-आऊट दुसराच माणूस पाडतो. त्याचा रस्ता त्याच्या सोयीने येतो आणि तोही त्याच धुऱ्याशी थांबतो. दोन रस्त्यांची तोंडं कधी समोरासमोर येतात, कधी चार हात बाजूला. मधे आता बोरीबाभळी नाहीत. असते ती विटांची भिंत.

गंमत पाहा. धुऱ्यावरून वाट मागायचा हक्क शेतकऱ्याला कायद्याने दिलाय! महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या १४३ व्या कलमाप्रमाणे शेतात जायला वाट नसेल, तर दुसऱ्याच्या शेताच्या बांधावरून वाट मिळावी म्हणून शेतकरी तहसीलदारांकडे दाद मागू शकतो. म्हणजे त्या जागी पऱ्हाटी उभी होती, तेव्हा बैलगाडीला धुऱ्याने वाट मिळू शकत होती. तिथे घरं झाली आणि सायकलवरच्या मुलासाठी वाट बंद!

पन्नास मीटर की साडेचार किलोमीटर?

याने बिघडतं काय? चला, हिशेब करू.

समजा, तुमचं घर एका मोठ्या रस्त्यापासून ८०० मीटर आत आहे. तुमच्या मैत्रिणीचं घर शेजारच्या मोठ्या रस्त्यापासून ८०० मीटर आत. दोघींच्या घरांमधे सरळ अंतर फक्त ५० मीटर. गच्चीवरून हाक मारली तर ऐकू येते. पण मधे भिंत. म्हणून तुम्ही ८०० मीटर चालून मोठ्या रस्त्यावर याल. तिथून चौकापर्यंत दीड किलोमीटर. चौकातून दुसऱ्या रस्त्याने पुन्हा दीड किलोमीटर. आणि मग ८०० मीटर आत. एकूण ४,६०० मीटर! ताशी चार किलोमीटर चाललात, तर एक तास नि वर नऊ मिनिटं. पन्नास मीटरला एक मिनिटही लागलं नसतं.

आता तुमची आई तुम्हाला एवढं पायी पाठवील का? नाहीच. ती म्हणेल, “थांब, बाबा आले की गाडीवर सोडतील.” मग बाबांची वाट पाहा. शाळेची, शिकवणीची, ग्रंथालयाची हीच कथा. सायकल येते, पण मोठ्या रस्त्यावर ट्रकच्या बाजूने ती चालवायची भीती. असं होता होता आठवीतल्या मुलीला तिच्याच गावात एकटीला कुठे जाता येत नाही. शहर मोठं झालं आणि तिचं अंगण मात्र लहान झालं.

शिवाय सगळ्या बोटांवरची सगळी वाहनं तळव्यातूनच जाणार. सकाळी शाळेच्या वेळेला चौकात गर्दी का होते, ते आता कळलं? त्यातली कितीतरी माणसं तिथे मुळी कामासाठी आलेलीच नसतात. ती नुसती बोट बदलायला आलेली असतात. तुम्ही म्हणाल, शहराबाहेरून बाह्यवळण रस्ता काढला की झालं! पण तो लांब पल्ल्याच्या ट्रक-गाड्यांसाठी. तुम्ही मैत्रिणीकडे महामार्गाने थोड्याच जाणार?

घंटागाडीवाल्या दादांना विचारा. बंद गल्लीत शिरलं, की गाडी मागे-मागे घेत बाहेर यावं लागतं. अग्निशामक बंब आणि रुग्णवाहिका यांचंही तेच. आणि नळाचं पाणी? पाइप रस्त्याखालून जातात. रस्ता जोडलेला नसेल, तर बहुधा पाइपही जोडलेला नसतो. पाइपांचं जाळं असलं, तर पाणी दोन बाजूंनी येतं, दाब सारखा राहतो आणि एकीकडे दुरुस्ती निघाली तरी दुसरीकडून पुरवठा करता येतो. टोक बंद असलेल्या पाइपात शेवटच्या घराला धार बारीक आणि पाणी साचून राहतं. निळोणा आणि चापडोह या धरणांवर भिस्त असलेल्या यवतमाळने २०१८ मध्ये केवढी पाणीटंचाई सोसली, ते तुमच्या घरच्यांना चांगलं आठवत असेल. असं शहर जितकं विस्कटून पसरेल, तितके पाइप लांबत जातात.

बंद गल्लीचे फायदे नाहीत का? आहेत की! भरधाव गाड्या येत नाहीत, गल्लीत निवांत क्रिकेट खेळता येतं, अनोळखी माणूस लगेच ओळखू येतो. म्हणून पुष्कळांना आपलं घर बंद गल्लीतच हवं असतं. पण प्रत्येकाने असंच म्हटलं, तर बाकीच्यांनी जायचं कुठून?

रस्त्यांचं गणित

रस्ते एकमेकांना किती जोडलेले आहेत, हे मोजता येतं. या गणिताची सुरुवात १७३६ साली झाली. कोनिग्सबर्ग नावाच्या शहरात नदीवर सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळ्या शहरात फिरता येईल का, असा लोकांना प्रश्न पडला होता. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने दाखवून दिलं, की येणार नाही! त्याने पुलांची लांबी मोजली नाही की रुंदी. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला किती पूल येऊन मिळतात, एवढंच त्याने मोजलं.

आपणही तसंच करू. चौकाला रस्त्याची चार तोंडं, म्हणून ४ गुण. तिठ्याला ३ गुण. बंद टोकाला १ गुण. सगळ्या गुणांची बेरीज करायची आणि ठिकाणांच्या संख्येने भागायचं.

समजा, एका ले-आऊटचा मुख्य रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो. तो एक तिठा. आत चार आडव्या गल्ल्या फुटतात, म्हणजे आणखी चार तिठे. चारही गल्ल्या बंद आणि मुख्य रस्त्याचं टोकही बंद. गुण किती? पाच तिठ्यांचे १५ आणि पाच बंद टोकांचे ५, मिळून २०. ठिकाणं १०. सरासरी २.

आता पाचही टोकांशी धुरा उघडला आणि रस्ते पलीकडच्या रस्त्यांना जोडले. बंद टोकं उरलीच नाहीत! राहिले पाच तिठे. १५ भागिले ५, सरासरी ३. एकही घर न पाडता वस्तीचा गुण दोनाचा तीन झाला.

हेच गणित क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या संशोधकांनी संगणकावर मोठ्या प्रमाणात केलं. अमेरिकेत विसाव्या शतकात नव्या वस्त्यांचे रस्ते तुटक-तुटक होत गेले आणि १९९४ च्या सुमारास ते सर्वांत तुटक होते. त्यानंतर नव्या वस्त्या पुन्हा जोडून बांधल्या जाऊ लागल्या, असं त्यांनी २०१५ मध्ये दाखवलं. मग २०२० मध्ये त्यांनी जगभरचे रस्ते तपासले. जगाच्या पुष्कळ भागांत मात्र नवे रस्ते अधिकाधिक तुटक होत चाललेत, असं त्यांना आढळलं.

बंद गल्ल्यांची हौस अमेरिकेत कशी पसरली, तेही ऐकण्यासारखं आहे. न्यू जर्सीत १९२९ साली रॅडबर्न नावाची वसाहत उभी राहिली. मुलांना गाड्यांची भीती नको, म्हणून तिथे गल्ल्या मुद्दाम बंद ठेवल्या. पण घरांच्या मागून पायवाटा काढल्या, त्या बागेतून थेट शाळेपर्यंत! गाडीला वाट बंद आणि पायांना उघडी. पुढे नक्कल करणाऱ्या अनेकांनी बंद गल्ल्या तेवढ्या उचलल्या आणि पायवाटा विसरले.

पडदा कसा घालायचा?

बदकाचा पाय पाहिलाय? त्याच्या बोटांमधे पडदा असतो. शहराला बोटं आपोआप फुटतात, कारण मोठा रस्ता असला की त्याच्या कडेला घरं होतातच. बोटांमधला पडदा मात्र मुद्दाम घालावा लागतो.

त्यासाठी एक चांगली युक्ती आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच आली. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. त्याप्रमाणे अनेक शेतमालकांची जमीन एकत्र धरतात, धुरे बाजूला ठेवून सगळ्या पट्ट्याचा एकच नकाशा काढतात. त्यात रस्ते, बाग, शाळा यांना जागा ठेवतात. मग प्रत्येकाला रस्त्यालगतचा नीटनेटका प्लॉट परत देतात. जमीन थोडी कमी मिळते, पण किंमत वाढते. मुंबईतले सांताक्रूझ आणि खार हे भाग अशाच योजनांतून आखले गेले. महाराष्ट्राचा सध्याचा नगररचना कायदा १९६६ चा आहे. त्यातही ही सोय आहे. २०२० साली राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी एकच बांधकाम नियमावली आली. तिनेही बंद गल्लीच्या लांबीवर मर्यादा घातली आहे.

पण जिथे घरं होऊन गेली, तिथे काय? तिथे रॅडबर्नची पायवाट कामाला येईल. चार हात रुंदीचा एक बोळ! त्यातून मोटार जाणार नाही, पण सायकल, दप्तर आणि काठी टेकत चालणाऱ्या आजी आरामात जातील.

आणखी एक खजिना आहे, तो म्हणजे पांदण. पांदण म्हणजे शेतांमधून जाणारी जुनी गाडीवाट. ती कुणा एकाची नसते, सगळ्या गावाची असते. गावाच्या जुन्या नकाशात अशा वाटा दाखवलेल्या असतात. शहर शिवारात शिरलं, की पांदणीवर हळूच कुणाचं कुंपण सरकतं, कुणाची गिट्टी पडते, आणि वाट हरवते. ती जपली असती, तर दोन ले-आऊटना जोडणारा आयता रस्ता झाला असता.

आणि हे आत्ताच करायला हवं. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या ब्रॉडगेज मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. रेल्वे आली, की शेतांचे प्लॉट होतात. जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. आर्णी, दिग्रस, उमरखेड, पांढरकवडा ही गावंही वाढताहेत. घर पाडून पुन्हा बांधता येतं, दुकान हलवता येतं. रस्ता एकदा पडला, की त्याच्या दोन्ही बाजूंना शंभर मालक होतात आणि तो पिढ्यान् पिढ्या हलत नाही. आज चुन्याची रेघ जिथे थांबेल, तिथेच तुमची नातवंडंही वळसा घेतील.

करून पाहा

येत्या रविवारी एक मोठा कागद घ्या. आपल्या वस्तीत पायी फिरा आणि सगळ्या गल्ल्या कागदावर काढा. चौकाला ४, तिठ्याला ३, बंद टोकाला १ असे गुण लिहा आणि सरासरी काढा. तुमच्या आजोळच्या किंवा शहरातल्या जुन्या वस्तीचीही काढा. कुठली जास्त भरते, पाहा.

मग प्रत्येक बंद टोकाशी उभे राहा. पलीकडे काय आहे? भिंत, नाला, मोकळा प्लॉट की दुसरा रस्ता? जिथे चार हातांचा बोळ काढता येईल, तिथे लाल पेन्सिलीने खूण करा. घरातल्या किंवा शेजारच्या जुन्या माणसांना विचारा, “इथे आधी कुणाचं शेत होतं? पांदण कुठून जायची?” ते सांगतील ते हिरव्या पेन्सिलीने काढा.

लाल खूण आणि हिरवी रेघ एकाच जागी आली, तर तो कागद आई-बाबांना दाखवा. त्यांच्याबरोबर तो तुमच्या नगरसेवकांना किंवा सरपंचांना नेऊन द्या. शहराचा नकाशा मोठी माणसं काढतात हे खरं. पण कोणत्या भिंतीपलीकडे आपली मैत्रीण राहते, ते तुम्हालाच ठाऊक असतं.